सिलिकॉन तेच, मग वेग कुठून वाढला?

२ मार्च २०१७ रोजी एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर विक्रीला आले. त्यातला आठ कोरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांचा, १८००एक्स व्हिडिओचं रूपांतर, थ्रीडी चित्रांचं रेंडरिंग अशा जड कामांत इंटेलच्या जवळपास दुप्पट किमतीच्या आठ-कोरी प्रोसेसरला टक्कर देत होता. गेम लावला की मात्र तोच प्रोसेसर चार कोरच्या स्पर्धकामागे पडायचा. महिनाभराने त्याच मदरबोर्डवरचा तोच प्रोसेसर काही गेममध्ये सहज नजरेत भरेल इतका वेगवान झाला होता. त्याच्या ४८० कोटी ट्रान्झिस्टरपैकी एकही जागचा हलला नव्हता.

हे कसं घडतं ते समजून घेणं मला फार मोलाचं वाटतं. कारण नवा प्रोसेसर रखडला की दोन टोकाची मतं लगेच कानावर येतात. कुणी म्हणतं, थांबा, अपडेट येईल आणि सगळं सुरळीत होईल. कुणी म्हणतं, हार्डवेअरमधल्या वैगुण्यावर सॉफ्टवेअरचं पांघरूण घालतायत. दोन्ही मतं कधी ना कधी खरी ठरली आहेत. समोरच्या प्रोसेसरला त्यातलं कोणतं लागू पडतं हे ओळखता आलं, तर पैसेही वाचतात आणि अपडेटची वाट बघण्यात जाणारं वर्षही.

प्रोसेसर एका सेकंदात जास्तीत जास्त किती काम उपसू शकेल, हे सिलिकॉनवर कोरलेल्या रचनेने कायमचं ठरलेलं असतं. त्यातलं प्रत्यक्षात किती पदरात पडतं, हे मात्र काम वाटून देणाऱ्यांवर अवलंबून असतं. कोणतं काम कोणत्या कोरवर जाईल, कोणता कोर झोपेल, कुणाला किती व्होल्टेज आणि किती क्लॉक (कामाच्या ठेक्याचा वेग) मिळेल, मेमरीतून माहिती कशी आणली जाईल, हे ऑपरेटिंग सिस्टीम, मदरबोर्डचा बायोस (संगणक सुरू करून देणारं सॉफ्टवेअर), प्रोसेसरच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर आणि चालणारा प्रोग्राम असे चौघे मिळून ठरवतात. प्रोसेसर नवा कोरा असला, तरी या चौघांच्या सवयी जुन्या प्रोसेसरवर घडलेल्या असतात. खरी अडचण तिथून सुरू होते.

दोन दालनं, मध्ये एकच वाट

१८००एक्सचे आठ कोर एकाच ओळीत बसलेले नव्हते. चार-चार कोरचे दोन गट होते आणि प्रत्येक गटाची स्वतःची ८ एमबीची एल३ कॅशे होती. कॅशे म्हणजे हाताशी ठेवलेली वही, आणि मुख्य मेमरी म्हणजे दूरच्या खोलीतलं कपाट. एका गटातल्या कोरने त्याच गटातल्या शेजाऱ्याला निरोप द्यायला सुमारे ४० नॅनोसेकंद लागायचे. दुसऱ्या गटातल्या कोरला द्यायला सुमारे १४०. एकाच कचेरीची दोन दालनं असावीत आणि मध्ये एकच लांबची वाट असावी, तसं.

रेंडरिंगमध्ये याचा काही त्रास नव्हता. तिथे प्रत्येक कोर चित्राचा आपापला तुकडा घेऊन बसतो, दुसऱ्याला विचारण्याची गरज क्वचितच पडते. गेमची गोष्ट निराळी आहे. पात्रांच्या हालचाली, टक्कर, आवाज, ग्राफिक्स कार्डला द्यायच्या सूचना ही कामं वेगवेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्यांत चालतात, पण दर फ्रेमला त्यांना एकमेकांची माहिती लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. त्यात थ्रेड या दालनातून त्या दालनात गेला, की त्याची वही मागे राहते आणि मजकूर पुन्हा गोळा करावा लागतो.

त्या वेळी बहुतेकांचं बोट विंडोजच्या शेड्युलरकडे गेलं. शेड्युलर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममधला मुकादम, थ्रेडला कोर नेमून देणारा. विंडोजला दोन गट ओळखताच येत नाहीत, ते दुरुस्त करा, अशी ओरड सुरू झाली. १३ मार्चला एएमडीने स्वतः जाहीर केलं की विंडोज १० च्या शेड्युलरमध्ये त्यांना दोष आढळलेला नाही. ज्यांना सोपं उत्तर हवं होतं, त्यांची निराशा झाली. मला तो खुलासा महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतरच्या काही आठवड्यांत दुरुस्त्या आल्या त्या भलत्याच ठिकाणांहून. तोवरची चर्चा बरीचशी ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशीच चालली होती.

एक दुरुस्ती आली गेममधूनच. ‘ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या गेमच्या कोडमध्ये काही सूचना अशा होत्या, की त्या माहिती लिहिताना कॅशेला वळसा घालून थेट मेमरीकडे जात. तोवरच्या प्रोसेसरवर त्याचा काच जाणवत नसे. रायझनवर मात्र त्या जागी काम खोळंबायचं. मार्चअखेर आलेल्या पॅचने ती पद्धत बदलली आणि एएमडीच्या सांगण्यानुसार काही सेटिंगवर वेग ३० टक्क्यांपर्यंत वाढला. कोड चुकीचा नव्हता. तो दुसऱ्याच प्रोसेसरच्या अंगाने घडवलेला होता, इतकंच.

दुसरी आली वीजव्यवस्थेतून. विंडोजचा ‘बॅलन्स्ड’ पॉवर प्लॅन रिकामे कोर झोपवून ठेवायचा आणि काम आलं की उठवायचा. उठायला लागणारा वेळ गेमला परवडत नव्हता. एप्रिलमध्ये एएमडीने स्वतःचा पॉवर प्लॅन दिला, त्यात कोर झोपवणं बंद केलं आणि क्लॉक बदलण्याची घाई वाढवली.

तिसरी मेमरीतून. दोन गटांमधली ती वाट मेमरीच्या क्लॉकवरच चालत होती. मेमरी जितकी वेगवान, तितकी वाट वेगवान. पण सुरुवातीचे बायोस वेगवान मेमरी नीट चालवूच शकत नव्हते. मदरबोर्डच्या बायोसमध्ये एएमडीने दिलेला एक गाभा असतो, त्याचं नाव अजेसा. त्याच्या १.०.०.४ आवृत्तीने मेमरीचा विलंब सुमारे ६ नॅनोसेकंदांनी कमी केला, आणि मे महिन्यातल्या १.०.०.६ ने मेमरीच्या कितीतरी नव्या सेटिंग खुल्या केल्या. मेमरी २१३३ वरून ३२०० वर गेली, की गटांमधल्या वाटेचा क्लॉक १०६६ मेगाहर्ट्झवरून १६०० वर जातो. म्हणजे वाट दीडपट वेगवान, आणि तीही केवळ एका बायोस फाइलने.

शेड्युलरची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटमध्ये शेड्युलर एक गट आधी भरायला शिकला, म्हणजे एकमेकांशी बोलणारे थ्रेड शक्यतो एकाच दालनात राहू लागले. दोष नसला तरी सुधारणेला जागा होती, असा त्याचा अर्थ. २०१७ मध्ये ओरडणारे अगदीच चुकले नव्हते. त्याच अपडेटने रायझन ३००० मालिकेसाठी क्लॉक बदलण्याची नवी पद्धतही आणली. आधी तो निर्णय व्हायला सुमारे ३० मिलिसेकंद लागत. आता १ ते २ मिलिसेकंदांत होऊ लागला. वरचा १६.७ चा आकडा आठवा. पूर्वी प्रोसेसरने कंबर कसेपर्यंत जवळपास दोन फ्रेम निघून जायच्या.

त्याच दुखण्याला कमी गुण

हेच सगळं एएमडीच्याच बुलडोझर या प्रोसेसरच्या बाबतीत आधी घडून गेलं होतं, आणि निकाल अगदी वेगळा लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या एफएक्स-८१५० मध्ये आठ कोर होते, पण दोन-दोन कोरची जोडी एक मॉड्यूल बनून काही भाग सामायिक वापरायची. दशांश गणितं करणारा विभागही त्यात होता. विंडोज ७ ला आठही कोर सारखेच दिसायचे. चार थ्रेड आले तर ते चार मॉड्यूलमध्ये पसरावेत की दोन मॉड्यूलमध्ये कोंबावेत, हे त्याला कळत नसे. जानेवारी २०१२ मध्ये त्यासाठी पॅच आले. सुधारणा झाली, पण ती काही टक्क्यांचीच.

फरक कुठे होता? बुलडोझरचा एकटा कोरच मंद होता. एका थ्रेडच्या काही चाचण्यांत तो स्वतःच्या आधीच्या पिढीच्याही मागे पडत होता. रायझन मात्र जिथे कोर आपापलं काम करत होते तिथे चमकत होता आणि फक्त एकमेकांशी बोलताना अडखळत होता. माझ्या मते नव्या प्रोसेसरबद्दल वाचताना हाच सगळ्यात उपयोगी निकष आहे. काही कामांत उत्तम आणि काहींत विचित्रपणे वाईट असा विस्कळीत निकाल दिसला, तर वाटपात गोंधळ आहे आणि अपडेटला वाव आहे. सगळीकडे सारखाच थोडा मागे असेल, तर ती त्याची कुवत आहे.

मुकादमाला सगळे सारखे वाटतात तेव्हा

गेल्या काही वर्षांत मुकादमाचं काम आणखी कठीण झालं, कारण कोर एकसारखे राहिलेच नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलच्या १२व्या पिढीत मोठे, वेगवान कोर आणि लहान, कमी वीज खाणारे कोर एकत्र आले. कोणता थ्रेड कोणत्या जातीचं काम करतोय हे प्रोसेसरच ऑपरेटिंग सिस्टीमला सांगत राहील, अशी सोय इंटेलने सिलिकॉनमध्येच केली. तिचं नाव थ्रेड डायरेक्टर. पण ते सांगणं ऐकायला विंडोज ११ लागायचं. विंडोज १० कडे ते कानच नव्हते.

याच पिढीत काही गेम सुरूच होईनात. त्यांच्यातली चोरीविरोधी यंत्रणा लहान कोर बघून असा समज करून घ्यायची, की गेम मध्येच दुसऱ्या संगणकावर नेला गेलाय. इंटेलला अशा गेमची यादी जाहीर करावी लागली. तोवरचा तोडगा म्हणून बायोसमध्ये एक पर्याय दिला गेला: तो चालू करून कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक बटण दाबलं, की लहान कोर बाजूला व्हायचे. पुढच्या काही महिन्यांत गेमचे पॅच आणि विंडोजचे अपडेट आले आणि तो प्रश्न मिटला.

२०२३ चा रायझन ७९५०एक्स३डी तर आणखी पेचाचा. त्यातल्या कोर असलेल्या सिलिकॉनच्या दोन छोट्या तुकड्यांपैकी, म्हणजे चिपलेटपैकी, एकावर ६४ एमबीची जादा कॅशे रचलेली आहे, दुसरीचा क्लॉक जास्त आहे. गेमला बहुधा कॅशे हवी असते, इतर कामांना क्लॉक. पण समोर चाललंय ते गेम आहे हे ओळखायचं कसं? ते काम विंडोजमधल्या एक्सबॉक्स गेम बारवर सोपवलेलं आहे. त्याने ‘हा गेम’ असं सांगितलं, की चिपसेट ड्रायव्हर दुसरी चिपलेट झोपवतो. हे साधं ॲप काढून टाकलेल्या माणसाला अब्जावधी ट्रान्झिस्टरच्या त्या जादा कॅशेचा पूर्ण लाभ मिळत नाही, आणि कारणही उमगत नाही.

कधी कधी बिघडवणाराही ऑपरेटिंग सिस्टीमचा अपडेटच असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा रायझनच्या एल३ कॅशेचा विलंब सुमारे तिपटीने वाढला. बऱ्याच प्रोग्राममध्ये वेग ३ ते ५ टक्क्यांनी घसरला, काही गेममध्ये १० ते १५ टक्क्यांनी. २१ ऑक्टोबरला दुरुस्ती आली.

ॲरो लेकचा धडा

२४ ऑक्टोबर २०२४ ला इंटेलच्या ॲरो लेक पिढीतला कोअर अल्ट्रा ९ २८५के आला. चोवीस कोर, कामाच्या प्रोग्राममध्ये चांगला, विजेची भूक आधीपेक्षा कमी. गेममध्ये मात्र बरेचदा स्वतःच्या आधीच्या पिढीच्या मागे. डिसेंबरमध्ये इंटेलने कारणं मोकळेपणाने मांडली. वीज आणि वेग यांचा मेळ घालणारं जे सॉफ्टवेअर पॅकेज विंडोजकडे असायला हवं होतं, ते विक्रीच्या दिवसापर्यंत पोहोचलंच नव्हतं. शिवाय मदरबोर्डनुसार बायोसच्या सेटिंग वेगवेगळ्या निघाल्या. जानेवारी २०२५ मध्ये नवं फर्मवेअरही आलं.

कारणं खरी होती, पण दुरुस्तीनंतरच्या स्वतंत्र चाचण्यांत गेममधली वाढ थोडकीच दिसली. या प्रोसेसरमध्ये मेमरी सांभाळणारा भाग कोरपासून वेगळ्या तुकड्यावर आहे. कोरला मेमरीपर्यंत जायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि ते अंतर कोणताही पॅच कापून टाकू शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये इंटेलने वॉरंटी कायम ठेवून तुकड्यांमधल्या वाटांचा क्लॉक वाढवणारा एक अधिकृत पर्याय बायोसमध्ये दिला. अंतर तेच राहिलं, चालणं थोडं भरभर झालं.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या रायझन ९००० मालिकेची गोष्ट उलटी. जाहीर आकडे आणि समीक्षकांचे आकडे जुळेनात. प्रोसेसर पुढची सूचना कोणत्या फाट्यावर जाईल याचा आधीच अंदाज बांधून कामाला लागतो. अंदाज चुकला की केलेलं काम फेकून द्यावं लागतं. विंडोजमधल्या या अंदाजाशी संबंधित कोडमध्ये एएमडीसाठी सुधारणा तयार होती, पण सर्वसाधारण खात्यात ती लागूच होत नव्हती. एएमडीच्या चाचण्या प्रशासकाच्या खात्यावर झाल्या होत्या, तिथे ती होती. ऑगस्टअखेर ती सुधारणा सगळ्यांना मिळाली आणि आधीच्या दोन पिढ्यांच्या रायझनलाही तिचा फायदा झाला.

मायक्रोकोड: प्रोसेसरच्या पोटातली वही

इथवरच्या बहुतेक दुरुस्त्या प्रोसेसरच्या बाहेरच्या होत्या. पण प्रोसेसरच्या आतही थोडं सॉफ्टवेअर असतं. क्लिष्ट सूचना लहान पायऱ्यांत फोडून सांगणारी ही नोंदवही म्हणजे मायक्रोकोड. ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडली.

ही वही सुधारता येणं किती गरजेचं आहे, ते १९९४ मध्ये कळलं. पेंटियमच्या भागाकारासाठी लागणाऱ्या तक्त्यातल्या १०६६ नोंदींपैकी पाच गायब होत्या, त्यामुळे काही भागाकार किंचित चुकत. ते थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं. तक्ता सिलिकॉनमध्येच कोरलेला, बदलायचा कसा? इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. पुढच्याच वर्षीच्या पेंटियम प्रो मध्ये मायक्रोकोड अपडेट करण्याची सोय होती.

ही सोय चालते अशी: मूळ मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचा असतो. त्याच्या शेजारी थोडी रिकामी जागा ठेवलेली असते. मूळ वहीतल्या अमुक ओळीवर आलास की या जागेतलं वाच, अशी खूण तिथे करता येते. वीज गेली की ही जागा पुसली जाते, म्हणून बायोस किंवा ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना अपडेट पुन्हा भरते. जागा अगदी मर्यादित, त्यामुळे प्रत्येक दोषाला इथे औषध सापडत नाही. कधी दुखरा अवयव बंद करणं एवढंच हाती उरतं: २०१४ मध्ये इंटेलने हॅसवेल प्रोसेसरमधली, अनेक थ्रेडना एकाच माहितीवर काम करणं सोपं करणारी टीएसएक्स ही सोय अशीच मायक्रोकोडने बंद करून टाकली.

दुरुस्तीची किंमत वेगातूनही चुकवावी लागते. एएमडीच्या २००७ च्या फेनम प्रोसेसरमध्ये मेमरीचे पत्ते शोधणाऱ्या भागात दोष निघाला. बायोसच्या उपायाने संगणक स्थिर व्हायचा, पण वेग सुमारे १० टक्क्यांनी उतरायचा. खरी सुटका मार्च २००८ मध्ये सुधारलेलं सिलिकॉन आलं तेव्हाच झाली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरच्या सुरक्षेतले दोष उघड झाल्यावर कोट्यवधी संगणकांनी सुरक्षेसाठी असाच वेग दिला.

आणि काही जखमांना औषधच नसतं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गेम कोसळण्याच्या तक्रारी २०२४ मध्ये वाढल्या. जास्त व्होल्टेज आणि तापमानाने कोरमधला क्लॉक वाटणारा भाग अकाली झिजत होता. ऑगस्टमध्ये व्होल्टेजला लगाम घालणारा मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये आणखी एक. शाबूत प्रोसेसरना त्याने वाचवलं. आधीच झिजलेल्यांच्या मालकांसाठी तो ‘बैल गेला आणि झोपा केला’ असाच होता. इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, कारण झिजलेला प्रोसेसर बदलून देणं एवढाच मार्ग होता.

आपल्या हातात काय

नवा प्रोसेसर घेतलात, तर पहिल्या दिवशी बायोसची आवृत्ती बघा. दुकानातला मदरबोर्ड महिनोन्महिने खोक्यात पडून असू शकतो. मग चिपसेटचा ड्रायव्हर, मग ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट. यातलं एक राहिलं तर बाकीच्यांचा उपयोग अर्धवट होतो, हे ॲरो लेकने दाखवलंच. अपडेटआधी आणि नंतर तोच प्रोग्राम, तेच दृश्य, किमान तीन वेळा मोजा. एका वेळच्या आकड्यात तीन-चार टक्क्यांचं हेलकावणं नेहमीचंच, ते सुधारणा म्हणून धरू नका.

खरेदीचा निर्णय मात्र आजच्या आकड्यांवर घ्या. पुढच्या अपडेटने मिळेल ते वरचं.

बायोस बदलताना वीज जाणार नाही याची खात्री हवी. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: बायोस बदलला की बहुतेक वेळा सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात, त्यात मेमरीचा वेगवान प्रोफाइलही बंद होतो. ६००० वर चालणारी मेमरी ४८०० वर येते, गेम मंदावतो आणि दोष नव्या बायोसच्या माथी मारला जातो. बायोसमध्ये परत जा, एक्सएमपी किंवा एक्सपो या नावाचा तो मेमरी प्रोफाइल चालू करा, आणि मग मोजा.